घेवड्याचा वेल आणि मुदत ठेव





आपल्या मंदिरात सप्ताहाला पारायणाला बसणाऱ्या मंडळींत निम्म्याहून अधिक जण निवृत्त आहेत. पोथी बांधून झाली, तीर्थप्रसाद झाला, की मागच्या ओट्यावर बोलणं निघतं ते तब्येतीचं, नातवंडांचं आणि व्याजदराचं. माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली, त्यामुळे तिसरा विषय आपसूक माझ्याकडे येतो. पण अलीकडे एक निराळाच प्रश्न दोन-तीनदा कानावर आला. एका काकांनी तो अगदी उघडपणे विचारला. "महाराजांवर भार टाकला म्हणतो आणि दर आठवड्याला पासबुक भरून आणतो. हे दोन्ही एकदम कसं चालतं हो? विश्वास असेल तर ठेव कशाला, आणि ठेव असेल तर विश्वास कसला?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संग्रहाविरुद्ध बोलणारे दाखले आपल्याच संप्रदायात आहेत. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपल्या चोवीस गुरूंची हकीकत सांगतो. तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच, असं आपली परंपरा मानते. त्या चोवीसांत मधमाशी आहे. तिच्याकडून अवधूत शिकतो की संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी अन्न साठवू नये. हात हेच ताट आणि पोट हेच भांडं. साठवलं तर मधमाशीसारखी गत, साठाही जातो आणि जीवही. अजगर त्याच्याही पुढचा. समोर येईल ते खातो, नाही आलं तर पडून राहतो.

हे वाचल्यावर मुदत ठेवीची पावती कपाटात असलेल्या गृहस्थाला थोडं ओशाळल्यासारखं होणारच. पण हा धडा कोणाला सांगितला आहे ते बघायला हवं. मधमाशीच्या धड्यात साठवू नये ते भिक्षूने, असं स्पष्ट आहे. त्याच्यामागे संसार नाही आणि त्याचं पोट भरतं ते गावातल्या घरांत रोज चूल पेटते म्हणून. आता गावातल्या सगळ्यांनीच ठरवलं की उद्याचं पीठ डब्यात ठेवायचं नाही, तर भिक्षा घालणार कोण? गाणगापुरात दुपारी पाच घरी माधुकरी मागण्याची प्रथा आहे. माधुकरी हा शब्दच मधुकरावरून, म्हणजे भुंग्यावरून आला. मागणारा साठवत नाही. घालणाऱ्या घरात मात्र डबा भरलेला असावा लागतो. अवधूताचा उपदेश गृहस्थाच्या डब्यावर उभा आहे, असं म्हणायला माझी हरकत नाही.

आणि 'योगक्षेम' हा शब्द आपण नेहमी वापरतो, त्याचे दोन भाग आहेत. जे जवळ नाही ते मिळणं हा योग, जे आहे ते सांभाळलं जाणं हा क्षेम. गंमत बघा, १९५६ साली स्थापन झालेल्या आपल्या आयुर्विमा महामंडळाच्या ज्योतीखालचे शब्द गीतेच्या नवव्या अध्यायातले आहेत. ज्या कोणी ते निवडले त्याला भक्ती आणि हप्ता यांत भांडण दिसलं नसावं.

आता गुरुचरित्राकडे येऊ. अठरावा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. नृसिंहवाडीच्या पैलतीरावर अमरापुरात एक गरीब ब्राह्मण राहत होता. रोजच्या भिक्षेवर घर चाले. दारात घेवड्याचा वेल होता, आणि ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी घरातली माणसं त्याच्या शेंगा शिजवून खात. श्रीगुरू नृसिंहसरस्वती त्या घरी भिक्षेला गेले. घरात दुसरं काही नव्हतं, बाईने शेंगाच करून वाढल्या. महाराज जेवले, आशीर्वाद दिला आणि निघताना तो वेल मुळातून तोडून टाकला. बाई रडायला लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली, वेल बाजूला केला, मूळ खणून काढायला गेला, तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ.

आपण कथा ऐकताना लगेच कुंभापाशी जातो. मला बँकवाल्याला मात्र आधी वेल दिसतो. या घराचं उत्पन्न अनिश्चित होतं. आज मिळेल, उद्या मिळणार नाही. अशा घराने दारात एक अशी गोष्ट लावली होती, जिच्यावर रोज हात टाकायचा नाही, फक्त नड पडेल त्या दिवशी टाकायचा. अर्थशास्त्रात पानंच्या पानं खर्च करून हेच सांगितलेलं असतं. पूर्वी घरोघर कणगी असायची, जमिनीत पेव असायचं. तांदूळ धुवायला घेण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकणाऱ्या बायका माझ्या आईच्या पिढीत होत्या. भिशी तर आजही चालते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा हे सगळं माझ्या काउंटरवर येऊन पडलं. साडीच्या घडीतल्या, डाळीच्या डब्यातल्या, देवघराच्या फळीखालच्या नोटा. एकेकीने चार-चार घड्या घातलेल्या. कित्येक जणी नवऱ्याला कळू नये म्हणून एकट्या आल्या होत्या, आणि त्यांना लाजल्यासारखं होत होतं. लाजायचं काय त्यात? त्या घराचा घेवडा होता तो. फक्त त्याची मुळं चुकीच्या जागी होती, एवढंच.

त्या कथेतल्या दोन गोष्टी मला नेहमी थांबवतात.

पहिली अशी की अतिथी दारात आल्यावर त्या बाईने "हा वेल अडीनडीचा आहे, आज नको" असं म्हटलं नाही. तिच्या राखीव साठ्यालाही दार होतं. दुसरी गोष्ट आजच्या काळात जास्त महत्त्वाची. वेल तोडणाऱ्याला मुळाखाली कुंभ आहे हे दिसत होतं. म्हणून त्याचा तो अधिकार. आपल्या दारात हल्ली जे येतात, "ठेव मोडा, आमच्याकडे टाका, दामदुप्पट देतो" म्हणणारे, त्यातले काही कपाळाला गंध लावून, गळ्यात माळ घालून, सत्संगाच्या ओळखीने येतात. त्यांनाही तुमचा वेल तोडायचाच असतो. पण खाली काय आहे हे त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक असतं, किंवा फार चांगलं ठाऊक असतं म्हणा. कोणत्याही भक्ताने श्रद्धेच्या नावावर वेल तोडू देऊ नये. निर्णय घेण्याआधी पावती घेऊन बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडे जा, मुलाला फोन करा, एक रात्र मध्ये जाऊ द्या. मंदिरात ओळख झाली एवढ्यावर पैसे देऊ नयेत, हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे. कोणाला राग आला तर येऊ दे.

बी.कॉम.ला आम्हाला केन्स होता. त्याचा १९३६ सालचा मोठा ग्रंथ आम्ही काही मुळातून वाचला नाही, गाईडमधून वाचला. पण माणूस रोख पैसा जवळ का ठेवतो याची तीन कारणं पाठ केली होती. रोजचे व्यवहार, सावधगिरी आणि सट्टा. निवृत्तीनंतर वाचनालयात तो ग्रंथ मिळाला तेव्हा त्यातली आणखी एक यादी सापडली. माणसं बचत का करतात याची आठ कारणं त्याने दिली आहेत. यादीची सुरुवात सावधगिरीने होते आणि शेवट कृपणतेने, म्हणजे कारण नसताना पैसा धरून ठेवण्याच्या वृत्तीने. मधल्या पायऱ्या ज्याने त्याने वाचाव्यात. पण मला त्या यादीत एक जिना दिसला. माणूस सावधगिरीने चढायला लागतो आणि मधेच कुठेतरी पायरी मोजायचं विसरतो. बँकेत शेवटच्या पायरीवर उभी असलेली माणसं मी रोज बघत होतो, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला आपण अजून पहिल्याच पायरीवर आहोत असं वाटत होतं.

भागवतात याच अकराव्या स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या ब्राह्मणाची कथा आहे. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात ती फार विस्ताराने रंगवली आहे. (नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तोपासक, देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्याकडे हिशेब बघताना एका पैची चूक मध्यरात्री सापडल्यावर नाथांनी टाळी वाजवली, ही आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. दिवसअखेर कॅश टॅली होईपर्यंत घरी न गेलेल्या कोणालाही ती टाळी ऐकू येते.) तर हा अवंतीचा ब्राह्मण शेती-व्यापार करून गडगंज झाला, पण बायकोपोरांना खाऊ घालत नसे, स्वतःही खात नसे, अतिथीशी दोन शब्द गोड बोलत नसे. घरची माणसं, नोकर, सगळे तुटले. मग धन गेलं. कसं गेलं त्याची नोंद भागवतकारांनी एखाद्या विमा कंपनीसारखी केली आहे. काही नातेवाइकांनी नेलं, काही चोरांनी, काही दैवाने, काही काळाने, काही राजाने.

ही पाच नावं आजच्या भाषेत लिहून बघा. चोर म्हणजे चोरच, फक्त हल्ली तो फोनवर ओटीपी विचारतो. राजा म्हणजे कर. दैव म्हणजे आग, पूर, आजारपण. पण 'काळाने नेलं' हे वाचून मी थबकलो होतो. काळ धन कसं नेतो? तर भाववाढ. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बहात्तरला सहाने भागा, १२ वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. तिजोरीला कुलूप तसंच, नोटा मोजल्या तर तेवढ्याच, आणि किंमत मात्र निम्मी. या चोराची फिर्याद कुठल्या चौकीत देणार?

अनिश्चिततेचेही दोन प्रकार आहेत. फ्रँक नाइट नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये ते वेगळे करून दाखवले. एक, ज्याचा अंदाज बांधता येतो. शंभर घरांत साधारण किती ठिकाणी आग लागेल, किती जण आजारी पडतील, हे मोजता येतं. त्यावर विमा निघतो. दुसरी, जिचं गणितच मांडता येत नाही. पहिल्या प्रकारासाठी बुद्धी दिली आहे, ती वापरावी. बँक बुडण्याची भीती असेल तर ठेव विमा आहे. १९६२ साली तो सुरू झाला तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. याचा अर्थ सरळ आहे. सगळी पुंजी एकाच सहकारी बँकेत, 'चेअरमन आपले आहेत' म्हणून, ठेवायची नाही. दोन-तीन ठिकाणी विभागावी. पतसंस्थेला हा विमा लागू नाही, हेही लक्षात असू द्या. सहा महिन्यांचा घरखर्च लगेच हाती येईल असा ठेवावा. आरोग्याचं बघावं. वारस नोंद करावी.

दुसऱ्या प्रकारच्या अनिश्चिततेला मात्र कितीही ठेव पुरत नाही, आणि घोटाळा इथेच होतो. जी भीती पैशाने मिटणारच नाही ती मिटावी म्हणून माणूस आणखी पैसा ठेवतो. पाच लाख झाले की दहा हवेसे वाटतात, कारण पाच लाखांनी झोप लागली नाही. दहांनीही लागत नाही. मला विचाराल तर महाराजांवर भार टाकायचा तो या ठिकाणी. मोजता येतं ते आपण मोजावं, उरतं ते त्यांचं. दोन्ही भार त्यांच्यावर टाकणं हा आळस, आणि दोन्ही स्वतःवर घेणं हे अवंतीच्या ब्राह्मणाचं काम.

एक निवृत्त शिक्षक आमच्या शाखेत दर तीन महिन्यांनी यायचे. पिवळ्या कापडी पिशवीत सगळ्या पावत्या, रबराने बांधलेल्या. काउंटरवर ठेवून म्हणायचे, "जरा आकडे वाचून दाखवा." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, त्यांना स्वतःला आकडे दिसत नव्हते. मी वाचायचो, ते मान डोलवायचे. एकदा मी म्हटलं, "सर, यातली ही ४० हजारांची मोडा आणि एक डोळा करून घ्या." ते म्हणाले, "मोडली तर एक टक्का कापता ना तुम्ही?" एक टक्का म्हणजे वर्षाचे ४०० रुपये. मी म्हटलं, हो, कापतात. "मग राहू द्या. ती अडचणीसाठी आहे."

मी त्यांना काय सांगणार? वयाने मोठे, माझ्या थोरल्या भावाचे शिक्षक. पण ते गेल्यावर कितीतरी दिवस ते वाक्य डोक्यात राहिलं. अडचण समोर बसली होती, त्यांच्याच दोन डोळ्यांत, आणि ते तिची वाट बघत होते. नंतर ते वारले. पावत्यांवर वारसाची नोंद नव्हती, बायको आधीच गेलेली. परगावच्या मुलाला वारस दाखला मिळवायला दीड वर्ष कोर्टात खेटे घालावे लागले.

आणि हा मुलगा निदान आला. जे कोणीच येत नाहीत त्या खात्यांचं काय होतं? दहा वर्षं कोणी विचारलं नाही, तर ती रक्कम बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. हा निधी २०१४ मध्ये स्थापन झाला, आणि मार्च २०२४ अखेर त्यात ७८ हजार कोटींच्या वर रक्कम पडून होती. वारसाला ती मागता येते, त्यासाठी रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं आहे. नातवाला सांगून घरातल्या गेलेल्या माणसांची नावं तिथे एकदा शोधून बघा. अवधूताच्या चोवीस गुरूंत मधमाशीनंतर मध गोळा करणारा येतो. कष्टाने साठवलेलं, ना दिलेलं ना खाल्लेलं, शेवटी तिसराच घेऊन जातो. ७८ हजार कोटी हा आकडा वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मला पोळी लटकलेला एक मोठा वड दिसला.

म्हणून ओट्यावर विचारलेल्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की ठेव असावी, पण ती कशासाठी आहे हे पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावं. 'डोळे.' 'हिचे गुडघे.' 'घराचं छप्पर.' 'धाकटीला लागलं तर.' 'अन्नदान.' आणि ती वेळ आली की मोडावी. चारशे रुपये कापले जातात ते जाऊ देत. सावधगिरीची ठेव मोडली जाण्यासाठीच जन्माला आलेली असते. जिच्या पाठीवर काहीच लिहिता येत नाही, तिचं काय करायचं ते घरात एकत्र बसून, आपण हिंडते-फिरते असताना ठरवावं. केन्सच्या जिन्यावर आपण कुठे उभे आहोत हे ओळखायला मला याहून सोपी युक्ती सापडलेली नाही.

गुरुचरित्रात अशी एक ठेव आहे. अडतिसावा अध्याय. भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण गाणगापुरी आला, श्रीगुरूंना भिक्षा करावी या इच्छेने. तीन माणसांपुरता शिधा त्याने जमवून वस्त्रात बांधून आणला होता. पण मठात रोज कोणा ना कोणाची समाराधना ठरलेली. भास्करालाही तिथेच जेवायचं आमंत्रण. त्याचा दिवस येईना. रात्री तो गाठोडं उशाशी घेऊन झोपे. असे तीन महिने गेले. लोक हसायचे, एवढ्याशा शिध्यात कोणाकोणाला घालणार म्हणून चेष्टा करायचे. पण हे गाठोडं कशासाठी आहे हे त्याला माहीत होतं. मधे भूक लागली म्हणून सोडलं नाही, आणि महाराजांनी "आज तू स्वयंपाक कर" म्हटल्याबरोबर "अजून थोडं थांबू, शिधा कमी आहे" असंही म्हणाला नाही. उठला आणि चूल पेटवली.

अन्नावर वस्त्र झाकलं गेलं, महाराजांनी कमंडलूतलं पाणी शिंपडलं, झाकण न काढता वाढायला सांगितलं. चार हजार माणसं जेवली. मग गावातली जी कोणी राहिली होती त्यांना बोलावून घातलं. सगळ्यांत शेवटी भास्कराला जेवायला बसवलं. तो जेवून उठला आणि बघतो तर त्याने शिजवलं होतं तेवढं अन्न भांड्यात तसंच होतं. महाराजांनी ते उद्यासाठी झाकून ठेवू दिलं नाही. नदीवर नेऊन जलचरांना घालायला सांगितलं.